चिपवरच्या प्रकाशवाटा आणि त्यांची घोटाई

सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटेला वेव्हगाइड म्हणतात. दिसायला ती तारेसारखी असली तरी तिच्यातून वीज वाहत नाही. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जातो. त्याची तरंगलांबी बहुतेक वेळा १५५० नॅनोमीटरच्या आसपास असते, कारण दूरसंचाराच्या काचतंतूंत याच पट्ट्यात प्रकाश सर्वांत कमी वाया जातो. नेहमीच्या सिलिकॉन वेव्हगाइडची रुंदी ४५० ते ५०० नॅनोमीटर आणि उंची सुमारे २२० नॅनोमीटर, म्हणजे आत जाणाऱ्या प्रकाशाच्या हवेतल्या तरंगलांबीपेक्षाही कमी असते. एवढ्या अरुंद जागेत प्रकाश कोंडून राहतो तो पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८ च्या जवळपास आहे आणि त्याच्याभोवतीच्या सिलिकाचा १.४४. हा फरक मोठा असल्यामुळे वाट पाच मायक्रोमीटर त्रिज्येत वळवली तरी प्रकाश बाहेर निसटत नाही. म्हणूनच नखाएवढ्या चिपवर शेकडो प्रकाशीय घटक मावतात.

अडचणही याच फरकातून उभी राहते. जिथे दोन पदार्थांची सीमा असते तिथे खडबडीतपणाही असतो, आणि त्या प्रत्येक उंचवट्यावर थोडा प्रकाश विखुरतो. सिलिकॉनच्या आत १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४४५ नॅनोमीटर होते. त्यापुढे दोन नॅनोमीटरचे उंचवटे नगण्य वाटतात. पण एका सेंटिमीटरच्या प्रवासात असे असंख्य उंचवटे लागतात, आणि विखुरण्याचे प्रमाण दोन्ही बाजूंच्या अपवर्तनांकांच्या वर्गांतील फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढते. सिलिकॉन आणि सिलिकासाठी हा वर्गांतील फरक दहाच्या घरात येतो. सिलिकॉन नायट्राइडचा अपवर्तनांक दोनच्या आसपास असल्याने त्याच्यासाठी तो दोनपेक्षा कमी भरतो. ढोबळ हिशेब केला तर तेवढाच खडबडीतपणा नायट्राइडमध्ये पंचवीसपट कमी प्रकाश उधळतो. काचतंतूंत गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकात जेमतेम एक टक्क्याचा फरक असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. विखुरण्याने होणारा ऱ्हास खडबडीतपणाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. खडबडीतपणा निम्मा केला की ऱ्हास चौथ्या हिश्शावर येतो. इथे खडबडीतपणा म्हणजे पृष्ठाच्या उंच-सखलतेचे वर्गमध्यमूळ. सर्वांत उंच टेकाड आणि सर्वांत खोल खड्डा यांतले अंतर त्याच्या कितीतरी पट असू शकते.

ऱ्हास डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, दहा गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. चांगल्या काचतंतूत किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल जातात, म्हणजे पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. साध्या सिलिकॉन वेव्हगाइडमध्ये एका सेंटिमीटरलाच दोन डेसिबल जातात, आणि दहा सेंटिमीटरनंतर एक टक्का उरतो. प्रकाशावर संदेश चढवणाऱ्या दोन मिलिमीटरच्या मॉड्युलेटरला याचे सोयरसुतक नाही. पण चिपवर मीटरभर लांबीची विलंबवाट गुंडाळून बसवायची असेल, किंवा प्रकाशाला एखाद्या कड्यात, म्हणजे गोल बंद वाटेत, हजारो फेऱ्या मारायला लावायच्या असतील, तर हा हिशेब परवडत नाही.

वेव्हगाइडला खालचे पृष्ठ, वरचे पृष्ठ, दोन कडेच्या भिंती आणि प्रकाश आत-बाहेर जाण्याची दोन टोके असतात. ऱ्हास कमी करायचा तर ही सगळी घोटून गुळगुळीत करायला हवीत, पण घोटाईचे यंत्र आडव्या पृष्ठावरच उत्तम चालते. उभ्या भिंतीपर्यंत ते पोचत नाही. या क्षेत्रातल्या बऱ्याच युक्त्या या एका मर्यादेतून निघाल्या आहेत.

खालच्या पृष्ठाचे काम वेफर, म्हणजे चिप जिच्यावर घडवतात ती चकती, तयार होतानाच उरकते. सिलिकॉन फोटॉनिक्समध्ये, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या अशा चिपांच्या तंत्रात, सिलिकाच्या थरावर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा बसवलेला वेफर वापरतात. हा पापुद्रा मिळवण्याची प्रचलित रीत फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या लेती प्रयोगशाळेत मिशेल ब्रुएल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. वेफरमध्ये हायड्रोजनचे आयन ठराविक खोलीवर घुसवायचे, तो दुसऱ्या वेफरला चिकटवायचा आणि तापवून त्या खोलीवर नेमका फोडायचा. इथे चिकटवताना गोंद वापरत नाहीत. दोन पृष्ठे नुसती एकमेकांवर ठेवली की आंतररेण्वीय बलाने धरतात, मात्र त्यासाठी दोन्हींचा खडबडीतपणा अर्ध्या ते एक नॅनोमीटरच्या आत हवा. फुटलेली बाजू मात्र त्याहून खडबडीत निघते, म्हणून तिला पुन्हा घोटावे लागते. सिलिकॉन वेफरवर बसवलेल्या इंडियम फॉस्फाइडच्या लेझरलाही असेच गुळगुळीत पृष्ठ लागते.

पृष्ठ चमकवण्याची कला जुनी आहे, पण तिचे शास्त्र बराच काळ वादात होते. न्यूटन स्वतः डांबराच्या थरावर आरसे घोटत असे, आणि त्याच्या मते पॉलिश म्हणजे ओरखडे इतके बारीक करणे की ते दिसेनासे व्हावेत. १९०१ साली लॉर्ड रॅली यांनी या समजाला हरकत घेतली. भरड दळण आणि घोटाई या दोन वेगळ्या जातीच्या क्रिया आहेत, असे त्यांचे म्हणणे होते: दळताना काचेचे टवके उडतात, तर घोटताना पदार्थ जवळजवळ रेणूरेणूने निघतो. आजच्या प्रयोगांनी मोठ्या प्रमाणात रॅलींचीच बाजू खरी ठरवली आहे. १९२७ मध्ये प्रेस्टन यांनी तावदानाच्या काचेवर काम करताना एक साधे सूत्र मांडले: पदार्थ निघण्याचा वेग हा दाब, घासण्याची गती आणि एक स्थिरांक यांचा गुणाकार असतो. सगळे रसायनशास्त्र, ज्यावर घासतात त्या पॅडचा पोत आणि कणांचा स्वभाव त्या स्थिरांकात कोंबला आहे. सूत्र म्हणून ते फार खोल नाही, पण कारखान्यात ते अजून चालते.

अर्धवाहकांच्या बाबतीत नुसते यांत्रिक घासणे घातक ठरते. हिऱ्याच्या किंवा ॲल्युमिनाच्या पुडीने सिलिकॉन घासला की वरून तो आरशासारखा चमकतो, पण आत काही मायक्रोमीटर खोलवर बारीक भेगा आणि स्फटिकरचनेतले दोष राहतात. तिथे प्रकाश शोषला जातो आणि विखुरतोही. डोळ्याला दिसणारी चकाकी म्हणूनच फसवी असते. यावरचा उपाय मोन्सँटो कंपनीच्या वॉल्श आणि हर्झॉग यांनी शोधला. सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा कलिलद्राव वापरून सिलिकॉन घोटण्याच्या त्यांच्या रीतीला १९६५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. हे कण साधारण वीस ते शंभर नॅनोमीटरचे आणि सिलिकॉनपेक्षा फारसे कठीण नसलेले असतात, त्यामुळे ते ओरखडत नाहीत. द्राव अल्कधर्मी असतो, सामू दहा-अकराच्या आसपास. त्यातले हायड्रॉक्साइड आयन पृष्ठावरच्या सिलिकॉन अणूंचे मागचे बंध कमकुवत करतात, आणि कण ते सैल झालेले अणू उचलून नेतात. उंचवट्यांवर पॅडचा दाब जास्त पडतो म्हणून तिथले अणू आधी जातात. खड्ड्यांत द्राव असतो पण दाब नसतो, म्हणून तिथले टिकतात. रसायन आणि घर्षण दोन्ही एकाच वेळी असले तरच हे साधते. नुसत्या रसायनाने सगळे पृष्ठ सारखेच खाली गेले असते आणि खाचखळगे होते तसेच राहिले असते.

सिलिका घोटताना यंत्रणा थोडी वेगळी असते. पाणी वरच्या काही नॅनोमीटरच्या थरात शिरते आणि तो मऊ करते. सेरियम ऑक्साइडचे कण वापरले तर ते पृष्ठाशी क्षणभर रासायनिक बंध जोडतात आणि निघताना सिलिकाचा अंश बरोबर ओढतात. हे स्पष्टीकरण ली कुक यांनी १९९० मध्ये दिले. याच कारणाने चष्म्याच्या काचांपासून चिपपर्यंत सर्वत्र सेरियम ऑक्साइडची पूड लोकप्रिय आहे. सिलिकॉन नायट्राइड मात्र हट्टी आहे. पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन अमोनिया सुटतो आणि मागे सिलिकाचा थर राहतो, पण हे सावकाश होते. म्हणून नेहमीच्या चिपमध्ये नायट्राइडचा उपयोग घोटाई थांबवणारा थर म्हणूनच करत आले. फोटॉनिक्सवाल्यांना नेमके तेच घोटायचे असते.

यंत्राची रचना अशी: एका फिरत्या मोठ्या तबकडीवर पॉलियुरेथेनचा खाचा पाडलेला पॅड बसवलेला असतो. वेफर पालथा धरून तो पॅडवर दाबतात आणि वेफरही त्याच वेळी फिरत राहतो. दाब चौरस इंचाला दोन-पाच पौंडांचा, फेरे मिनिटाला पन्नास ते शंभर, आणि वरून स्लरीची, म्हणजे कण मिसळलेल्या द्रावाची, संततधार. चालता चालता पॅडची छिद्रे बुजून तो तुळतुळीत होतो आणि पदार्थ काढेनासा होतो, म्हणून हिऱ्याचे कण जडवलेल्या चकतीने त्याला सतत खरवडत राहावे लागते. थोडक्यात, वेफर गुळगुळीत करण्यासाठी पॅड मुद्दाम खरबरीत ठेवावा लागतो. चिपच्या बांधणीत मधल्या थरांची सपाटी करायला ही रीत आयबीएममध्ये १९८० च्या दशकात रुजली. हवेतला एकेक कण गाळून काढणाऱ्या निर्मळ खोलीत कणांनी भरलेला गढूळ द्राव आणायचा, ही कल्पना तेव्हाच्या अभियंत्यांना पचायला जड गेली, यात नवल नाही. पण धातूच्या तारांचे मजल्यावर मजले चढवायचे तर प्रत्येक मजला सपाट असायला हवा होता, आणि दुसरा पर्याय समोर नव्हता.

फोटॉनिक्समध्ये घोटाईचे महत्त्व नायट्राइडच्या वेव्हगाइडमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकेत मिशल लिप्सन यांच्या गटाने २०१७ मध्ये नायट्राइडच्या थराचे वरचे पृष्ठ घोटून पाहिले. आधीचा खडबडीतपणा ०.३८ नॅनोमीटर होता, घोटल्यावर ०.०८ नॅनोमीटर झाला. सिलिकॉनच्या दोन शेजारी अणूंमधले अंतर ०.२३५ नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे मोल कळते. वर्गाच्या नियमाने पाहिले तर त्या पृष्ठावरून होणारे विखुरणे वीसपटीहून अधिक घटायला हवे. त्याच गटाने भिंतींचा खडबडीतपणा कमी करायला आराखडा उमटवण्याची रीतही सुधारली, आणि दोन्हींच्या जोरावर त्यांच्या कड्याचा गुणवत्तांक ३.७ कोटींवर गेला. गुणवत्तांक जितका मोठा तितका प्रकाश कड्यात जास्त वेळ टिकतो आणि तितक्या कमी शक्तीच्या लेझरने अनेक रंगांचा कंगवा, म्हणजे समान अंतरावरच्या तरंगलांब्यांची माळ, निर्माण करता येते. त्यांच्या प्रयोगात एक मिलिवॉटच्या तिसऱ्या हिश्शाइतकी शक्ती पुरली.

असा कंगवा काढायला नायट्राइडचा थर सातशे नॅनोमीटरच्या आसपास जाड लागतो. पण उच्च तापमानाला चढवलेल्या या थरात जबर ताण असतो, आणि सुमारे चारशे नॅनोमीटरच्या पुढे तो तडकतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या तंत्रविद्यापीठात टोबियास किपेनबर्ग यांच्या गटाने २०१६ मध्ये क्रमच उलटा केला. आधी थर टाकून मग वाटा कोरण्याऐवजी त्यांनी सिलिकात खाचा कोरल्या, त्यांत नायट्राइड भरले आणि वर आलेले सगळे घोटून काढले. बीदरचे कारागीर काळ्या धातूत खाच कोरून चांदी बसवतात आणि वरून कानस फिरवतात, तीच ही रीत. उद्योगात तिचे नाव मात्र दमास्कसच्या जडावकामावरून पडले आणि तांब्याच्या तारांसाठी ती आधीपासून वापरात होती.

या उलट्या क्रमात दोन फायदे आहेत. वाटांच्या आजूबाजूला खाचांची दाट जाळी कोरलेली असल्याने थर सलग राहत नाही, ताण वाटला जातो आणि तडा लांब पळत नाही. दुसरा फायदा अधिक देखणा आहे. खाचेच्या भिंतीपर्यंत पॅड पोचत नसला तरी तिथे उष्णता पोचते. नायट्राइड भरण्याआधी सिलिका १२५० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की ती किंचित पाघळते आणि पृष्ठताणाने भिंतीवरचे उंचवटे आपोआप बसतात. म्हणजे भिंत उष्णतेने गुळगुळीत करायची आणि वरचे पृष्ठ पॅडने. पुढे २०२१ मध्ये याच गटाने मीटरमागे एक डेसिबल ऱ्हासाच्या वाटा पूर्ण वेफरवर बनवून दाखवल्या. एका मीटरनंतर जवळपास ऐंशी टक्के प्रकाश उरतो. साध्या सिलिकॉन वेव्हगाइडच्या सेंटिमीटरमागे दोन डेसिबलशी ताडून पाहिले तर ही सुधारणा दोनशेपट आहे.

गुळगुळीतपणा मिळाला तरी सपाटी मिळतेच असे नाही, आणि उत्पादनात खरा घाम तिच्यासाठीच गाळावा लागतो. पॅड लवचीक असतो. रुंद वाटेवर तो मधोमध खाली वाकतो आणि तिथे बशीसारखा खळगा पाडतो. जिथे वाटा दाट असतात तिथे अख्खा भागच थोडा खाली घासला जातो. वेफरच्या मध्यावर आणि कडेला वेगही सारखा राहत नाही. इलेक्ट्रॉनिक चिपला पाच-दहा नॅनोमीटरचा फरक सोसतो. सिलिकॉनच्या प्रकाशीय कड्याची उंची एका नॅनोमीटरने बदलली की त्याची अनुनादी तरंगलांबी एक ते दोन नॅनोमीटरने सरकते, आणि दूरसंचारातल्या शेजारच्या वाहिन्यांमध्ये अंतर असते अवघे ०.८ नॅनोमीटर. म्हणजे अणूच्या दोन-चार थरांच्या चुकीने कडे शेजारच्या वाहिनीत जाऊन बसू शकते. त्यावर उपाय म्हणून आराखड्यात रिकाम्या जागी निरुपयोगी तुकडे भरून घनता सारखी करतात, वेफरच्या निरनिराळ्या वलयांवर वेगळा दाब देतात आणि घोटताना थराची जाडी प्रकाशाच्या व्यतिकरणाने मोजत राहतात. एवढे करून जो फरक उरतो तो चिपवरच्या छोट्या हीटरने तापमान बदलून भरून काढतात. त्या हीटरला सतत वीज लागते. घोटाईतली ढिलाई अशी विजेच्या बिलात दिसते.

लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या बाबतीत चीनमधल्या चेंग यांच्या गटाने घोटाईलाच कोरणीचे काम दिले. हा पदार्थ प्लाझ्माने कोरायला त्रासदायक आहे. कोरताना निघालेले लिथियमचे संयुग उडून न जाता भिंतींवरच जमते. या गटाने पातळ नायोबेटवर क्रोमियमचा कठीण थर चढवला आणि अतिजलद लेझरने नको तिथला क्रोमियम उडवला. मग वेफर पॅडवर घातला. उघडा पडलेला नायोबेट झिजत गेला, क्रोमियमखालचा वाचला, आणि शेवटी क्रोमियम विरघळवून टाकला. या रीतीत भिंतीही घोटल्या जातात, त्यामुळे त्यांचा खडबडीतपणा एक नॅनोमीटरच्या आत येतो. २०१८ मध्ये त्यांनी सेंटिमीटरमागे ०.०२७ डेसिबल ऱ्हास नोंदवला. पण भिंती उभ्या न राहता उतरत्या होतात, आणि दोन वाटांमधल्या अरुंद फटीत पॅड शिरत नाही. जिथे वाटा अगदी जवळून न्यायच्या असतात तिथे ही रीत उपयोगाची नाही.

टोकांची घोटाई हा जुना आणि हाताने करावा लागणारा प्रकार. काचतंतूतून चिपमध्ये प्रकाश कडेने घालायचा असेल तर ती कड स्वच्छ हवी. इंडियम फॉस्फाइड आणि गॅलियम आर्सेनाइड स्फटिकाच्या ठराविक प्रतलावर असे फुटतात की कड आपोआप आरशासारखी निघते, म्हणून लेझर चिपची टोके नुसती फोडून तयार करतात. लिथियम नायोबेट आणि सिलिकावरच्या वाटांची कड मात्र घोटावी लागते. चिप मेणाने धारकावर बसवतात, वाटांवर संरक्षणासाठी दुसरा तुकडा चिकटवतात, नाहीतर नेमकी वाटेच्या तोंडाशीच कपची उडते. मग हिऱ्याच्या कणांच्या फिल्मवर भरड ते बारीक अशा पायऱ्यांनी घासत जातात. प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीच्या भेगांपेक्षा खोल जायला हवे. इथे घाई केली तर खालची भेग पुढच्या सगळ्या पायऱ्यांना पुरून उरते. सिलिकॉनच्या उघड्या कडेवरून तीस टक्के प्रकाश परत फिरतो आणि थेट लेझरमध्ये शिरून त्याला अस्थिर करतो. म्हणून तंतूचे टोक बहुधा आठ अंशांच्या कोनात तिरके घोटतात आणि चिपच्या कडेवर परावर्तनरोधी थर देतात.

घोटून झाले की धुलाई. पृष्ठावर स्लरी वाळू दिली तर तिचे कण असे घट्ट बसतात की नंतर काढणे अवघड, आणि वेव्हगाइडवर बसलेला एक कणही प्रकाश उधळतो. त्यामुळे वेफर ओला असतानाच स्पंजसारख्या फिरत्या ब्रशांखाली जातो. गॅलियम आर्सेनाइड घोटले असेल तर धुवणाचे पाणी आर्सेनिकयुक्त असते आणि ते वेगळे गोळा करून शुद्ध करावे लागते.

पृष्ठ किती गुळगुळीत झाले हे आण्विक बल सूक्ष्मदर्शकाने पाहतात. त्याची अणकुचीदार सुई पृष्ठावरून फिरत नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्शाखालची उंचीही टिपते. पण ती एका वेळी काही मायक्रोमीटरचा चौकोनच पाहते, म्हणून अंतिम निकाल वेव्हगाइडमधून प्रत्यक्ष प्रकाश सोडून किती उरला ते मोजूनच लागतो. प्रेस्टनच्या सूत्रातला स्थिरांक अजूनही कागदावर काढता येत नाही. पॅड नवा बसवला किंवा स्लरीचा नवा घाणा आला की चाचणीचे वेफर घोटून, जाडी मोजून, त्या दिवसाचा वेळ ठरवावा लागतो.